पलीकडच्या काठाची वस्ती

मी नकाशा बोलतोय. ज्या दिवशी बातमी आली, त्या दिवशी माझा एक पाय काढलेला होता.

तसा दिवस साधाच होता. पालिकेच्या इमारतीतल्या मधल्या खोलीत मी नेहमीसारखा पसरलो होतो. भिंतीवर टांगतात आणि नको असेल तेव्हा गुंडाळून कपाटावर टाकतात, तसला नकाशा मी नव्हे. मी उठावाचा नकाशा. माझे डोंगर हाताला लागतात, माझ्या नदीत बोट घालता येतं, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण ते घालतोच. माझं टेबल पूर्वेकडून खाली गेलं होतं. पूर्वेला डोंगर आहे. तिथून नदी निघते आणि गावाला वळसा घालून पश्चिमेला जाते. टेबल असं कललं की नदीला चढावर वाहावं लागतं. बाईंना ते चालत नसे. शहरातल्या हॉस्पिटलात जायला निघाल्या, तेव्हाही पिशवी घेऊन त्या आधी या खोलीच्या दारात थांबल्या होत्या.

"मिस्त्री, मी येईपर्यंत पूर्व जरा वर घ्या."

"घेतो, बाई."

"नुसतं घेतो म्हणू नका."

"घेतो म्हटलं ना."

बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या भूगोलाच्या बाई. मिस्त्री म्हणजे सुतार, त्यांचे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते बायकोला 'बाई' म्हणत आणि त्या नवऱ्याला 'मिस्त्री'. नदीवरचा नावाडी म्हणायचा, यांच्या घरात भांडण लागलं तर मिस्त्रींना बाकावर उभं राहावं लागत असेल.

तर मिस्त्री माझ्याखाली बसले होते, खांदा माझ्या फळीला लावून. शिपाई दारात आला.

"मिस्त्री, फोन आहे. तुमचे मेव्हणे."

"थांबायला सांग. आत्ता सोडलं तर सगळं गाव लवंडेल."

शिपाई गेला. पुन्हा आला तेव्हा दाराच्या आत आला नाही.

"त्यांनी ठेवला फोन. मलाच सांगितलं काय ते."

मिस्त्रींचा खांदा तसाच होता, हे मी खात्रीने सांगू शकतो.

"कधी?"

"सकाळी. झोपेतच, म्हणाले."

"हं," मिस्त्री म्हणाले. "ती पाचर दे."

शिपायाने पाचर दिली. मिस्त्रींनी ती पायात बसवली, हातोडीने ठोकली, बाहेर येऊन माझ्यावर पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत बघत राहिले. मग हात पुसले आणि गेले. पूर्व वर आली होती. नदी तेव्हापासून नीट वाहते आहे.

माझा जन्म शाळेच्या मागच्या पडवीत झाला. बाई तेव्हा नव्याने नोकरीला लागल्या होत्या आणि मुलांना भूगोल का येत नाही, या प्रश्नाने हैराण होत्या. मुलांना जगातले सगळे समुद्र पाठ होते. आपली नदी गावाच्या कोणत्या अंगाने वाहते, एवढं विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची. म्हणून बाईंनी ठरवलं, गावच वर्गात आणायचं.

शाळेत दुसरं काही भरपूर नव्हतं, पण तपासलेल्या उत्तरपत्रिका होत्या. त्या पिंपात भिजवल्या, कुटल्या, सरस घातला, लगदा केला. माझे डोंगर, टेकड्या, उतार, सगळं त्याचं आहे. नापासांची उत्तरपत्रिका घरी कुणी नेत नाही, त्यामुळे माझ्या अंगात चुकीची उत्तरंच जास्त. 'नदी कोठे उगम पावते?' याला एकाने 'माहीत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. तो कागद नेमका उगमाखाली गेला. आजचे हेडक्लार्क माझ्या दक्षिणेच्या टेकडीत आहेत. त्यांनी वाऱ्याची दिशा 'समोरून' अशी लिहिली होती. ती टेकडी थोडी पोचट आहे, पण टिकली.

घरांसाठी बाईंनी सुताराला बोलावलं. सुतार तेव्हा तरुण होता, बोलायला कंजूष आणि हाताला चोख. बाई गावभर फिरून घरं मोजून आल्या, आकडा सांगितला. वरची आळी, खालची आळी, बाजार, गिरणी, नावाड्याची खोपी, सगळं धरून. त्याने मऊ लाकडाची काडेपेटीएवढी घरं करून आणली. बाई एकेक चिकटवत गेल्या. सगळं गाव भरलं आणि एक घर हातात उरलं.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"जास्तीचं झालं."

"तुम्ही मोजलं नव्हतं का?"

"मोजलं होतं."

"मग?"

सुताराने रंध्यावरचा भुसा फुंकला. "टाकून द्या नको असेल तर."

बाईंना काही टाकून द्यायची सवय नव्हती. त्यांनी जागा शोधली. अलीकडच्या काठावर तसूभर जागा नव्हती. पलीकडच्या काठावर फक्त वाळू, लव्हाळं आणि मोठ्या रस्त्याकडे जाणारी पायवाट. तिथे त्यांनी ते घर लावून टाकलं. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, तिकडे कोण राहतं? बाई म्हणायच्या, कुणी नाही, सुताराचं माप चुकलंय. पुढे कितीतरी वर्षं मी मिस्त्रींना काम करताना पाहिलं. त्यांचं माप चुकलेलं मला दुसऱ्यांदा दिसलं नाही. त्या वर्षाअखेर दोघांचं लग्न झालं. ते मिस्त्रींच्या शेडमागच्या खोल्यांत राहायला गेले, म्हणजे माझ्या वरच्या आळीच्या टोकाला. पलीकडचं घर रिकामंच राहिलं.

नुसत्या घरांनी बाईंचं भागेना. भूगोल म्हणजे जमीन आणि तिच्यावरची माणसं, असं त्या वर्गात सांगत. माझ्यावर तर माणूस एकही नव्हता. मग शिंपीकाकांकडून रंगीत डोक्याच्या टाचण्या आल्या. ज्या घरात जितकी माणसं, तितक्या टाचण्या छपरावर टोचायच्या. बाईंनी स्वतःसाठी पांढऱ्या डोक्याची घेतली, खडूसारखी. मिस्त्रींना तपकिरी दिली.

हे पसरलं आणि मी शाळेत मावेना. टाचण्या टोचायला दिवसभर आयाबाप यायला लागले, तेव्हा हेडमास्तरांनी हात जोडले आणि मला पालिकेच्या खोलीत हलवलं. तिथे मी गावाचा झालो. मूल झालं की बाप पालिकेत जन्माची नोंद करायचा आणि लगेच मधल्या खोलीत येऊन टाचणी टोचायचा. काही जण आधी टाचणी टोचायचे, नोंद राहून जायची. नवी सून आली की सासू तिला घेऊन यायची आणि कुठे टोचायची ते दाखवायची. पहिली कुरबुर बहुतेक माझ्याच अंगावर व्हायची.

"अगं, एवढी कडेला कशाला? पडशील."

"मधे जागा कुठंय, आई? मधे तुम्ही आहात ना."

पोरं शिकायला, कमवायला शहरात जायची. बाईंचा नियम कडक होता: जो इथे राहत नाही, त्याची टाचणी काढायची. गिरणीवाल्याची बायको पोराची टाचणी काढायला आली आणि तिचा हात निघेना.

"बाई, येणार आहे हो तो."

"भूगोलात 'येणार आहे' असं काही नसतं. आहे किंवा नाही."

"बरं, मग जरा तिरकी करू का?"

बाईंनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "करा तिरकी." आज माझ्या निम्म्या छपरांवर तिरक्या टाचण्या आहेत. वारा समोरूनच येत असावा, असं वाटतं.

वारलेल्या माणसांची टाचणी बाई एका पत्र्याच्या डबीत टाकत. नावाड्याची आई गेली, तेव्हा नावाडी आला, टाचणी काढली आणि डबी पुढे केल्यावर हात मागे घेतला.

"डबीत नको, बाई. तिला अंधारात झोप येत नाही. रात्रभर कंदील लागायचा."

"अहो, पण मग ठेवणार कुठे?"

नावाड्याने माझ्यावरून नजर फिरवली. मग नदीपलीकडे बोट केलं. "ते घर रिकामं आहे ना? तिथे लावतो. मी रोज जातोच तिकडे. अधेमधे बघणं होईल."

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता भूगोल सांगतील. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री खिडकीची बिजागरी बघत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"लावा," बाई म्हणाल्या.

ही गोष्ट दुपारपर्यंत खालच्या आळीत पोचली. नंतर ज्याच्या घरात कुणी गेलं, तो त्याची टाचणी घेऊन पलीकडे यायला लागला. डबीतल्या जुन्या टाचण्याही हळूहळू पलीकडे गेल्या. बाईंनी याला एकच नियम लावला: ज्याचं माणूस, त्यानेच हलवायचं. दुसऱ्या कुणाचा हात नको. बाकी लोकांनी आपले आपण नियम केले. याला खिडकीशी लावा, दमा होता. या दोघी जावा एकत्र नकोत, दोघींच्या मधे कुणीतरी शहाणं माणूस टाका. शिंपीकाका गेले, तेव्हा काकूंनी त्यांना अगदी दाराशी लावलं. "त्यांना गिऱ्हाईक आल्याचं लगेच कळायला हवं," म्हणाल्या, आणि रडायचं सोडून हसल्या.

छप्पर भरलं. मिस्त्रींनी एक माडी चढवली. ती भरली, तशी डाव्या अंगाला ओसरी काढली. काम करताना कधी एक शब्द बोलले नाहीत. बाई शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "प्रमाण सांभाळा, मिस्त्री. हा नकाशा आहे, बंगला नव्हे." गावात त्या घरातल्यांना 'पलीकडचे' म्हणायला लागले. 'काका हल्ली पलीकडे असतात,' असं लोक सहज बोलून जात. आणि नवखा पाहुणा जेव्हा विचारायचा, बरं आहे ना तिकडे? तेव्हा म्हणत, तक्रार नाही.

आता बातमीनंतरचं सांगतो.

मिस्त्री आठवडाभर आले नाहीत. मग एका सकाळी ब्रश घेऊन आले. माझी धूळ नेहमी बाईच झाडत. मऊ ब्रशने, डोंगरापासून सुरुवात करून नदीच्या दिशेने खाली. मिस्त्रींनी उलटं केलं. सगळी धूळ डोंगरावर गेली. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं. वरच्या आळीच्या टोकाला आल्यावर ब्रश थांबला. शेडमागच्या छपरावर दोन टाचण्या होत्या, तपकिरी आणि पांढरी. त्यांनी पांढरीच्या भोवतालची धूळ फुंकरीने उडवली आणि निघून गेले.

गावाने वाट पाहिली. कुणी विषय काढला नाही. लोक खोलीत येत, आपापल्या घरावर नजर टाकत आणि जाताना हळूच वरच्या आळीकडे बघत. पांढरी टाचणी जागच्या जागी होती. मिस्त्री दर आठवड्याला येत, झाडत, कुठे रंग उडाला असेल तर लावत, आणि जात. एकदा शिपायाने विचारलं, "मिस्त्री, चहा?" ते म्हणाले, "आज पलीकडची ओसरी जरा वाढवायची होती, पण लाकूड ओलं आहे." चहाबद्दल काही बोलले नाहीत.

मग वरून पत्र आलं की मोठे साहेब गाव बघायला येणार आहेत. नदीकाठच्या गावांची सोय-गैरसोय, लोकवस्ती, असं काहीतरी बघायचं होतं. हेडक्लार्कची पाचावर धारण बसली. त्यांनी गावात झाडलोट करून घेतली, माझ्या खोलीला चुना लावला, आणि मग मिस्त्री आले असताना घसा साफ केला.

"मिस्त्री, साहेब लोकवस्ती विचारणार. नकाशा बरोबर हवा."

"बरोबर आहे."

"नाही म्हणजे… एक टाचणी…" हेडक्लार्कनी जीभ चावली, पण बोलणं अर्धं बाहेर आलं होतं. "तुम्हाला जड जात असेल तर मी हलवतो. बाई मलाही होत्याच की. भूगोल त्यांनीच शिकवला."

"दिसतंय," मिस्त्री म्हणाले. शिपायाने तोंड फिरवलं. मिस्त्रींनी ब्रश खाली ठेवला. "तुझी आई गेली तेव्हा टाचणी कुणी हलवली?"

"मीच."

"मी हलवली असती तर?"

हेडक्लार्क हळू म्हणाले, "चाललं नसतं."

"मग?"

"पण काका, कधी? साहेब परवा येताहेत."

"ओसरीला जागा करतो आधी. तिथे आत्ता फार गर्दी आहे. त्यांना गर्दी आवडत नाही."

आणि त्यांनी खरंच ओसरी वाढवली. बोटाच्या पेराएवढी, पण दोन खांब, वर पातळ पट्ट्यांचं छप्पर, आणि एका टोकाला बसायला फळी. हे सगळं नदीकडे तोंड करून. अख्ख्या पलीकडच्या घरात मला तेच काम सगळ्यांत देखणं वाटतं. पांढरी टाचणी तिथे उभी राहिली असती तर तिला गाव समोर दिसलं असतं.

साहेब आले. उंच, चष्मेवाले, घाईत. सोबत हेडक्लार्क, शिपाई, नावाडी, आणि कोपऱ्यात मिस्त्री. साहेबांनी आल्याआल्या नदीत बोट घातलं. मग टाचण्यांचा हिशेब समजून घेतला. एक टाचणी, एक माणूस. त्यांना तो फार आवडला. गावभर नजर फिरवून ते नदीपलीकडे आले आणि थबकले.

"इथे एकाच घरात इतके लोक?"

हेडक्लार्कनी नावाड्याकडे बघितलं.

"जुनं घर आहे, साहेब," नावाडी म्हणाला. "माणसं वाढत गेली."

"सगळ्या गावात दाट वस्ती हीच दिसते. आणि जायला सोय काय?"

"माझी नाव आहे."

"पुरते?"

"आजवर कुणाची तक्रार नाही, साहेब."

"पूर आला की काय करतात ही माणसं?"

नावाड्याने विचार केला. "तिथेच असतात."

साहेबांनी मान हलवली, वही काढली आणि पलीकडच्या वस्तीसाठी पूल व्हावा असं लिहून घेतलं. त्यांना थांबवायला हेडक्लार्कनी बोट वर केलं, आणि मग त्याच बोटाने कान खाजवला. पुलाचा प्रस्ताव वर गेला आहे. वर गेलेली गोष्ट आमच्याकडे लवकर खाली येत नाही, त्यामुळे नावाड्याला काळजी नाही.

निघता निघता साहेब वाकून त्या नव्या ओसरीकडे बघत राहिले.

"काम सुबक आहे. कुणी केलं?"

"यांनी. आमचे मिस्त्री."

साहेबांनी मिस्त्रींकडे बघून हसून विचारलं, "तुमचं कोणी राहतं का तिकडे?"

नावाडी जमिनीकडे बघायला लागला. मिस्त्रींनी टोपी काढली, भुसा झटकला, पुन्हा घातली.

"अजून नाही," ते म्हणाले.

साहेब गेल्यावर सगळे पांगले. नावाडी जाताना मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी रोज जातो तिकडे. सांगून ठेवतो." मिस्त्रींनी मान डोलावली. मग ते एकटे माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी वरच्या आळीच्या टोकाला हात नेला. पांढऱ्या डोक्याला अंगठा आणि बोट लागलं. त्यांनी टाचणी अगदी थोडी उचलली. लाकूड किंचित करकरलं. मग त्यांनी तिची मान जराशी कलती केली, गिरणीवाल्याच्या पोरासारखी, आणि बघितलं. ते काही त्यांना पटलं नाही. टाचणी त्यांनी पुन्हा सरळ केली, होती तशी, आणि खोल दाबली.

"ओसरीचा सरस ओला आहे," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "वाळू दे."

मी गावाचा नकाशा आहे. मला डोंगर कळतात, उतार कळतात, नदीला किती वळणं आहेत ते कळतं. माणसांचं मला एवढंच कळतं की ती कुठे आहेत. तुम्ही कधी या गावात आलात, तर मधल्या खोलीत जरूर या. नदीत बोट घाला, मला सवय आहे. उगमाखाली काय लिहिलंय, ते कुणाला सांगू नका. टाचण्यांना मात्र हात लावू नका. आणि वरच्या आळीच्या टोकाला एक पांढरी टाचणी दिसली, तर चूक काढू नका. आज सकाळीही मिस्त्री आले होते. डोंगरापासून नदीपर्यंत, खाली, नीट झाडलं. पूर्वेकडून पाणसळ लावून बघितली. पूर्व जागेवर आहे.

सरस केव्हाच वाळला आहे. बाईंची टाचणी हलवायची राहिली आहे.